जपानी मेपलची जोपासना

ईशान्य अमेरिकेसारख्या समशीतोष्ण प्रदेशात जो गृहस्थ घरापुढच्या मोकळ्या जागेत वृक्ष लावावयास निघतो, त्याच्यापुढे सौंदर्याच्या आधी आकाराचा प्रश्न उभा राहतो. तेथे मेपल म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो शर्करा-मेपल किंवा नॉर्वे-मेपल. हे वृक्ष साठ-सत्तर फुटांपर्यंत सहज वाढतात, त्यांच्या मुळ्या पायवाटेच्या फरशा उचलतात, त्यांच्या दाट सावलीत हिरवळ तग धरीत नाही. आणि पाच-सात गुंठ्यांच्या आवारात त्यांचा अंमल एकदा बसला की दुसऱ्या कशालाही तेथे वाव उरत नाही. अशा लहान आवारासाठी मेपलांच्याच परिवारात एक सर्वस्वी वेगळ्या प्रकृतीचा वृक्ष उपलब्ध आहे, तो म्हणजे जपानी मेपल. वनस्पतिशास्त्रात यास ‘एसर पामेटम’ या नावाने ओळखतात. बहुधा पंधरा ते पंचवीस फुटांत त्याची वाढ संपते, त्याच्या काही प्रकारांची तर माणसाच्या उंचीच्या थोडे वर जाऊन थांबते, आणि बाराही महिने त्याच्याकडे पाहण्यासारखे काही ना काही असते. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आणि लंडनच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या अंगणांत तो आज उभा आहे. आणि त्यांतील पुष्कळांची तक्रार अशी की, झाड आणले तेव्हा सुंदर होते, पुढे दोन-तीन वर्षांत त्याची पाने करपू लागली, फांद्या वाळल्या, आणि एका वसंतात ते फुटलेच नाही. या तक्रारींचा विचार करता माझी अशी खात्री झाली आहे की, त्यांतील बहुतेकींचे कारण एकच आहे: हा मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारा अरण्यवासी वृक्ष आहे, याची आठवण लावणाऱ्यास राहिलेली नसते.

जपान आणि कोरिया ही त्याची मूळ भूमी. तेथील डोंगर-उतारांवर, ओढ्यांच्या काठांनी, उंच वृक्षांच्या छत्राखाली तो वाढतो. त्याच्यावर पडणारे ऊन गाळून आलेले असते. त्याच्या पायाशी वर्षानुवर्षांच्या पानगळीचा कुजलेला, भुसभुशीत, किंचित आम्लधर्मी थर असतो. उतारामुळे पाणी मुरते पण साचत नाही. आणि भोवतालच्या झाडोऱ्यामुळे कोरडा वारा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या चार गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर त्याच्या निगेसंबंधी जे नियम पुस्तकांतून दिलेले असतात ते पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही, कारण ते सर्व यांतूनच निघतात.

मेपलच्या प्रजातीत १२०हून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य आशियात आहेत. त्या ओळखण्याची खूण सोपी आहे: पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, आणि फळे दोन पंखांची असून वाऱ्यावर गरगरत खाली येतात. काश्मीरच्या चिनाराला आपल्याकडील प्रवासी सर्रास मेपल म्हणतात, परंतु चिनाराची पाने फांदीवर एकाआड एक येतात व फळे लोंबत्या गोल चेंडूंसारखी असतात, तेव्हा पानाच्या आकारावरून जोडलेले हे नाते खरे नव्हे. हिमालयातील खरे मेपल वेगळे आहेत. दार्जिलिंगच्या अरण्यांतही ते आहेत आणि पश्चिम हिमालयाच्या उतारांवरही. सह्याद्रीत मात्र मेपल नाही. परंतु त्याचे आप्त आहेत, आणि ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत. पूर्वी मेपलचे स्वतंत्र कुल मानीत असत. अलीकडच्या वर्गीकरणात ते रिठ्याच्या कुलात समाविष्ट झाले आहे, आणि याच कुलात आपला कुसुंब, ज्यास कोकणात कोशिंब म्हणतात, तोही येतो. फाल्गुन-चैत्रात ज्याने सह्याद्रीच्या घाटांतून प्रवास केला असेल, त्याने उघड्या डोंगरउतारावर लालभडक पालवीने पेटलेला कुसुंब पाहिला असेलच. त्या पालवीचा लाल रंग आणि जपानी मेपलच्या पानांचा लाल रंग एकाच वर्गाच्या रंगद्रव्यांनी येतो. त्याचा खुलासा पुढे येईल.

युरोपीय विद्येच्या दप्तरात या वृक्षाची शास्त्रीय नोंद प्रथम केली ती कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश वैद्याने. थुनबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसचा शिष्य. १७७५ साली तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीच्या बंदरातील देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर उतरला. परकीयांना त्या बेटाबाहेर पाऊल टाकण्याची तेव्हा मनाई होती, म्हणून बेटावरील जनावरांसाठी मुख्य भूमीवरून जो चारा येई, त्याचे भारे सोडून त्यांतून हा मनुष्य वनस्पतींचे नमुने वेचीत असे. पुढे वार्षिक नजराणा घेऊन एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस, जाणाऱ्या डच वकिलातीबरोबर त्यास प्रवासाची संधी मिळाली, आणि १७८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी वनस्पतींवरील ग्रंथात त्याने या मेपलास त्याचे शास्त्रीय नाव दिले. परंतु थुनबर्ग तेथे पोहोचण्यापूर्वीच जपानी माळ्यांनी या झाडाचे अनेक प्रकार निवडून, कलमे करून, जोपासले होते. एदोजवळच्या सोमेइ या गावी इतो घराण्यातील माळ्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून उद्यानविद्येवर जे सचित्र ग्रंथ काढले, त्यांत मेपलच्या प्रकारांची नावानिशी नोंद आहे. आज या प्रकारांची संख्या हजारावर गेली आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जे. डी. व्हर्ट्रीस या संग्राहकाने आयुष्याची बरीच वर्षे वेचून त्यांची रुजवात घातली व १९७८ साली जो ग्रंथ सिद्ध केला, तो इंग्रजी वाचकांना आजही या विषयातील पहिला आधार वाटतो.

हजार प्रकारांतून एकाची निवड करावयाची, तर गृहस्थाने दोनच गोष्टी पाहाव्यात: झाडाची पूर्ण वाढीची आकृती आणि आपल्या जागेतील ऊन. रंगाचा मोह आवरावा. रोपवाटिकेत कुंडीतले तीन फुटांचे झाड पाहून आपण भुलतो आणि ते दाराशी, खिडकीखाली, भिंतीला चिकटून लावतो. वीस वर्षांनी ते पंधरा फूट रुंद होते, आणि मग त्याची एक बाजू सपाट कापून टाकण्याची दुःखद पाळी येते. ‘ब्लडगुड’ हा गडद तांबड्या पानांचा, सरळ वाढणारा प्रकार सर्वत्र मिळतो. तो पंधरा ते वीस फुटांचा वृक्ष होतो, हे घेतानाच ध्यानात धरावे. ‘ओसाकाझुकी’ उन्हाळ्यात साधा हिरवा दिसतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच्यापुढून निघून जाते. परंतु शरदातील त्याच्या किरमिजी रंगास दुसऱ्या कोणत्याही प्रकाराची सर येत नाही असे अनेक जाणकारांचे मत आहे, आणि ते मला मान्य आहे. ‘सांगोकाकू’ची कोवळी साल हिवाळ्यात पोवळ्यासारखी लाल होते, पानगळीनंतरच्या करड्या दिवसांत ज्याच्या खिडकीसमोर हे झाड असेल त्यास त्याचे मोल कळते. ‘क्रिमझन क्वीन’सारख्या झालरीच्या पानांच्या प्रकारांची पाने इतकी चिरलेली असतात की पानाचा पसारा जवळजवळ शिरांपुरताच उरतो, ही झाडे उंच न होता घुमटासारखी पसरतात व त्यांच्या फांद्या जमिनीकडे झुकतात. छोट्या उंचवट्यावर, दगडाशेजारी, जेथून फांद्यांचा ओघ खाली उतरलेला दिसेल अशा जागी ती शोभतात. सपाट हिरवळीच्या मध्यभागी त्यांची ठेवण पोरकी वाटते.

जपानी मेपलखेरीज दुसरेही लहान मेपल आहेत, आणि त्यांतील एकाविषयी मला विशेष आस्था आहे. अर्नेस्ट विल्सन या वनस्पती-शोधकाने १९०१ मध्ये इंग्लंडातील व्हीच यांच्या रोपवाटिकेसाठी मध्य चीनमधून ज्याचे बी पाठविले, तो कागदी सालीचा मेपल. त्याची पाने त्रिदल असतात, आणि दालचिनीच्या रंगाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटून खोडावरच गुंडाळत राहते. हिवाळ्याचे तिरपे ऊन त्या पापुद्र्यांतून आरपार जाते तेव्हा खोड आतून उजळल्यासारखे दिसते. त्याच्या फळांत बहुधा बीच नसते, ती पोकळ निघतात. त्यामुळे रोपे कमी तयार होतात व महाग मिळतात. तरीही ज्यास ऊन अधिक आहे अशी जागा आहे, त्याने जपानी मेपलचा हट्ट सोडून याचाच विचार करावा. अतिशीत प्रदेशांत कोरियन मेपल टिकतो. अमूर-मेपलही थंडीस काटक आहे व स्वस्तही मिळतो, पण अमेरिकेच्या काही राज्यांत तो रानोमाळ पसरून स्थानिक झाडोऱ्यास उपद्रव देऊ लागला आहे, म्हणून तेथे तो लावू नये.

जागा ठरवताना सकाळचे ऊन आणि दुपारची सावली, हे सर्वसाधारण सूत्र. घराच्या पूर्वेकडची बाजू, अथवा उंच ओक किंवा पाइनची विरळ सावली पडते अशी जागा उत्तम. पण हे सूत्र देशकालाप्रमाणे बदलते. इंग्लंडातील सौम्य उन्हात पुष्कळ प्रकार दिवसभराचे ऊन आनंदाने सोसतात. ग्लॉस्टरशायरमधील वेस्टनबर्टच्या वृक्षोद्यानात होल्फोर्ड घराण्याने एकोणिसाव्या शतकात लावलेले मेपल त्याची साक्ष देतात. न्यू जर्सीत दुपारी दोननंतर सावली आली तर बरे. टेक्सासात मात्र सावलीवाचून गत्यंतर नाही, आणि तेथील चुनखडीयुक्त, अल्कधर्मी चिकणमाती ही दुसरी अडचण. अशा ठिकाणी कुंडीत किंवा उंच वाफ्यात माती आपण सिद्ध करावी लागते. लाल पानांच्या प्रकारांना अगदी गडद सावलीत ठेवले तर त्यांचा तांबडेपणा फिका पडून पाने मळकट हिरवी होतात. उलट पिवळट व पांढरट चट्ट्यांच्या पानांचे प्रकार उन्हात हमखास करपतात. वाऱ्याचाही बंदोबस्त हवा, कारण उन्हापेक्षा कोरडा वाराच पानांच्या कडा अधिक जाळतो.

आता लागवड. या एका दिवसाच्या कामावर पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल अवलंबून असतो, म्हणून येथे थोडे थांबून सांगतो.

कुंडीतून झाड काढण्यापूर्वी खोडाच्या तळाशी बोटांनी माती उकरून पाहावी. रोप मोठे होताना एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जाते आणि प्रत्येक वेळी खोडाभोवती थोडी माती वर चढते. परिणामी जेथे खोड रुंद होऊन मुळांत विभागते ती जागा दोन-तीन इंच खाली गाडली गेलेली असते. बोटांना ती रुंदी लागेपर्यंत माती सारावी. त्या थरात केसांसारखी बारीक मुळे फुटलेली दिसतील, ती खुशाल कापावीत. परंतु एखादे बोटाएवढे जाड मूळ खोडाला वेढा घालून गेलेले आढळले, तर ते मुळापासून तोडल्याशिवाय झाड जमिनीत घालू नये. आज निरुपद्रवी दिसणारे ते मूळ आणि ते खोड ही दोन्ही वर्षागणिक जाड होत जातात, आणि पंधरा वर्षांनी ते मूळ खोडाच्या सालीखालील रसवाहिन्या दाबून झाडाची एक बाजू मारते. तेव्हा घरमालक रोग शोधीत बसतो.

खड्डा मातीच्या हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा, परंतु खोल मात्र हुंडीच्या उंचीइतकाच, किंबहुना इंचभर कमी. आंब्याच्या कलमासाठी खोल खड्डा घेऊन तो पालापाचोळ्याने व शेणखताने भरण्याची आपल्याकडची वहिवाट येथे उपयोगी नाही. खाली मोकळी केलेली माती पुढे बसते, तिच्याबरोबर झाडही खाली जाते, आणि मेपलची मुळे तर वरच्या फूट-दीड फूट थरातच पसरणारी, त्यांना खोलीची गरज नाही आणि हवेची फार आहे. खड्ड्यात पाणी भरून पाहावे. रात्रभरात ते मुरले नाही, तर त्या जागी खणण्याचा विचार सोडून जमिनीवर मातीचा रुंद उंचवटा करावा व त्यावर झाड लावावे. पाणथळ जमीन हा वृक्ष मुळीच सहन करीत नाही. कुंडीच्या भिंतीलगत गोल फिरलेली मुळे हाताने सोडवून बाहेरच्या दिशेने पसरावीत. न सुटली तर हुंडीच्या बाजूंवर सुरीने उभे छेद द्यावेत. भरावयास खड्ड्यातून निघालेलीच माती घ्यावी, कारण खड्ड्यातच खत-मातीची चैन मिळाली तर मुळे बाहेर पडण्याचे नाव घेत नाहीत. खत द्यावयाचे ते वरून, आच्छादनाच्या रूपाने: कुजलेली पाने किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच जाड, परंतु खोडापासून चार बोटे दूर. अमेरिकेत खोडाभोवती हे आच्छादन डोंगरासारखे रचण्याची जी चाल पडली आहे, ती सर्वस्वी अपायकारक आहे. ओलसर ढिगाखाली साल कुजते आणि खोडातूनच मुळे फुटून तोच वेढा घालतात.

पहिले दोन उन्हाळे पाण्याची हयगय होता कामा नये. माती चार बोटे खोल उकरून हातात घ्यावी; ती ओली लागली तर थांबावे, कोरडी लागली तर नळी अगदी मंद सोडून पाणी खोलवर मुरू द्यावे. हिरवळीसाठी रोज पंधरा मिनिटे उडणारे तुषार झाडास पुरत नाहीत. त्यांनी वरचा थर फक्त ओला होतो, आणि मुळे त्या थरातच राहतात. हिरवळीला घातलेले नत्रयुक्त खत मेपलच्या मुळांपर्यंत पोहोचले, तर लांब, लुसलुशीत फुटवे येतात व पहिल्या कडाक्यात मरतात. आणि हिरवळीतील रुंद पानांचे तण मारण्याची औषधे तर या झाडाला साक्षात विष आहेत. म्हणून झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली हिरवळ ठेवूच नये असे माझे मत आहे. नेचे, शेवाळ आणि पानांचा थर हीच त्याच्या पायथ्याची स्वाभाविक शोभा होय.

वसंतातील पालवी पाहण्यासाठी जवळ जावे लागते. फांदीच्या टोकाशी एक कळी नसते, दोन असतात, शेजारी-शेजारी. त्यांचे तांबूस खवले फुगतात, मागे सरतात, आणि आतून घड्या पडलेले, खाली लोंबणारे, ओलसर पान बाहेर येते. त्याची सात बोटे अद्याप एकमेकांना चिकटलेली असतात. त्याच वेळी पानांच्या खाली जांभळट-लाल फुलांचे झुबके लटकतात. फूल इतके लहान की बहुतेकांच्या नजरेस ते येतच नाही. या आठ-दहा दिवसांत झाड सर्वांत नाजूक असते. मिटलेली कळी शून्याखाली वीस अंशांची थंडी सोसते, पण उमललेले पान शून्याखालच्या दोन अंशांत काळे पडते. म्हणून उशिराच्या दहिवराची वर्दी मिळताच लहान झाडावर जुनी चादर टाकण्याची तजवीज संध्याकाळीच करून ठेवावी.

छाटणीविषयी लोकांच्या मनात भीती असते, आणि ती थोडीशी असणेच इष्ट. हिवाळ्याच्या उत्तरार्धात मेपलमध्ये रस चढू लागतो, तेव्हा केलेल्या जखमेतून तो दिवसेंदिवस टपकत राहतो. त्याने झाड मरत नाही, पण उगाच का टपकू द्यावा? पाने पूर्ण पक्व झाल्यावर ऐन उन्हाळ्याच्या मध्यास हलकी छाटणी करावी, किंवा पानगळ होताच. फांदी जेथे मोठ्या फांदीला मिळते तेथे सालीची एक सुरकुतलेली, किंचित फुगलेली कड असते. त्या कडेच्या बाहेर, तिला धक्का न लावता कापावे. खोडाशी सपाट कापू नये आणि खुंटीही ठेवू नये. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य वृक्ष उभे चिरून असे दाखवून दिले की, वृक्ष जखम भरून काढीत नाही, तर तिच्याभोवती भिंत घालून सडण्यास आत अडवतो. आणि ती भिंत घालण्याची शक्ती त्या कडेतच असते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची जुनी रीत त्यांच्याच संशोधनाने निकालात निघाली. झालरीच्या प्रकारांत आतील वाळलेल्या काड्या हाताने मोडून काढल्या तरी झाडाचे अर्धे काम होते, आणि नागमोडी खोडाची मूळ रेखा दिसू लागते. कुंपणाप्रमाणे कात्रीने वरवर सपाट छाटणे हा मात्र या झाडावर अन्याय आहे.

एक गोष्ट विसरू नये: नाव असलेला प्रत्येक प्रकार हा बहुधा कलमी असतो. साध्या हिरव्या रोपाच्या खुंटाला बाजूने तिरकी खाच घेऊन तीत त्या प्रकाराची काडी बसवलेली असते, आणि जोडाची ती गाठ खोडाच्या तळाशी नीट पाहिले तर दिसते. गाठीच्या खालून सरळसोट हिरवे फुटवे आले, तर ते खुंटाचे आहेत असे समजून लहान असतानाच काढावेत. राहू दिले तर ते जोमाने वर जातात, आणि काही वर्षांनी ज्या झालरीच्या मेपलसाठी दाम मोजले त्याच्या जागी दुसरेच झाड उभे असते.

रोगांत मर रोगाचीच धास्ती बाळगावी. जमिनीतील बुरशी मुळांतून शिरून रसवाहिन्या बंद करते. एखादी फांदी ऐन उन्हाळ्यात अकस्मात वाळते, आणि ती तिरपी कापली तर लाकडात काळपट-हिरवट रेघा दिसतात. यावर औषध नाही. फांदी कापावी, हत्यारे निर्जंतुक करावीत, आणि झाड गेलेच तर त्या जागी पुन्हा मेपल लावू नये. कडा करपणे हा रोग नव्हे, ती पाण्याची व वाऱ्याची तक्रार होय.

शरदातील रंगासंबंधी एक समज फार रूढ आहे, तो असा की लाल रंग पानात पूर्वीपासून असतो आणि हिरवा उतरल्यावर तो उघडा पडतो. पिवळ्या रंगाविषयी हे खरे आहे. पिवळी-नारिंगी द्रव्ये पानात वसंतापासून असतात, हरितद्रव्याने ती झाकलेली असतात. लाल रंगाचे तसे नाही. तो मेपलचे पान अखेरच्या आठवड्यांत नव्याने तयार करते. दिवस लहान होऊ लागले की देठाच्या मुळाशी एक विलग होणारा पेशींचा थर तयार होतो, पानातील साखरेचा बाहेर जाण्याचा मार्ग अरुंद होतो, आणि त्या साठलेल्या साखरेपासून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, अँथोसायनिन नावाची लाल द्रव्ये घडतात. मरावयास निघालेल्या पानाने हा खर्च का करावा? शास्त्रज्ञांनी त्याचा एक उलगडा असा दिला आहे की, हरितद्रव्य मोडून त्यातील नत्र फांदीत परत नेण्याचे काम चाललेले असताना उघड्या पडलेल्या पेशींना तीव्र प्रकाश जाळू शकतो, आणि लाल द्रव्य त्या वेळी पडद्याचे काम करते. कुसुंबाच्या, आंब्याच्या, पिंपळाच्या कोवळ्या पालवीचा तांबूसपणाही याच हिशेबात बसतो. पान घडत असताना आणि पान मोडत असताना, अशा दोन्ही टोकांना त्यास हे आवरण लागते. ज्या वर्षी शरदात दिवस स्वच्छ उन्हाचे आणि रात्री थंड, परंतु गोठविणाऱ्या नव्हेत, अशा येतात, त्या वर्षी रंग सर्वांत उत्कट होतो. ढगाळ व उबदार शरदात तो फिका राहतो, आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून पाने करपली असतील तर रंगाची आशा करू नये. क्योतो येथील तोफुकुजी मंदिराच्या घळीवरून जाणाऱ्या लाकडी पुलावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जी गर्दी उसळते ती खालचा हा रंग पाहण्यासाठीच. आणि तेथेही दर वर्षी त्याची तिथी हवामानानुसार पुढे-मागे होते.

महाराष्ट्रात हा वृक्ष लावता येईल काय, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर नकारार्थी आहे. त्यास काही महिन्यांची खरी थंडी लागते. तिच्यावाचून त्याच्या कळ्यांची निद्रा नीट पुरी होत नाही, आणि आपला वैशाख त्याच्या पानांना मानवत नाही. थंड हवेच्या ठिकाणी एखादे झाड काही वर्षे जगेलही, पण त्याचे वैभव तेथे दिसणार नाही. यासंबंधी सावधगिरीची एक सूचना येथेच देणे जरूर आहे. निळ्या किंवा इंद्रधनुषी पानांच्या मेपलचे बी म्हणून जी पाकिटे विकली जातात ती शुद्ध फसवणूक आहे, कारण निळ्या पानांचा मेपल जगात कोठेही नाही.

खरे बी मात्र ज्याच्या अंगणात मोठे झाड आहे त्यास फुकट मिळते, आणि ते रुजवून पाहण्यासारखे आहे. फळांचे पंख तपकिरी होऊ लागले की ती झाडावरूनच काढावीत, पंख चुरून टाकावेत, एक दिवस कोमट पाण्यात भिजवावीत, आणि ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घालून तीन-चार महिने शीतकपाटात ठेवावीत. हिवाळ्याची ही मुदत पुरी झाल्याखेरीज बी रुजत नाही, आणि पूर्ण वाळलेले बी तर कित्येकदा दुसऱ्या वसंताची वाट पाहते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिशवीत पांढरे कोंभ दिसू लागले की ती उथळ पेटीत लावावीत. आधी दोन लांबट बीजपर्णे येतात, मग पहिले बोटांचे पान. लाल झाडाचे बी असले तरी रोपांत हिरवी, तांबूस, गडद अशी सर्व तऱ्हेची निघतात, आणि बोटांची खोलीही प्रत्येकाची निराळी. त्यांतील आवडतील ती दोन-चार निवडून वेगळी वाढवावीत. उरलेली साधी हिरवी रोपे टाकून देऊ नयेत. दोन-तीन वर्षांत त्यांचे खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की हिवाळ्याअखेरीस त्यांच्यावर शेजाऱ्याच्या ‘ओसाकाझुकी’ची काडी बांधता येते.